गंगाबाईवर आलेला आळ

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, संध्याकाळी ज्यांच्यासोबत बसतो त्या मित्रांना नाही. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या पोरापोरींना तर मी भलतीच गोष्ट सांगत आलो — ती पुढे येईलच. गेल्या महिन्यात पहिल्यांदा एका माणसासमोर ते तोंडातून निघालं. आणि एकदा निघाल्यावर वाटलं, आता लपवण्यासारखं उरलंच काय? मग तुम्हालाही सांगतो.

तुम्ही नागपूरचे असाल आणि कधी छातीत कळ आली असेल, तर कदाचित माझ्या टेबलावर झोपलाही असाल. हातापायांना पट्टे बांधणारा, छातीवर रबरी फुगे चिकटवणारा आणि ‘हलू नका’ म्हणून खेकसणारा जाडा माणूस — तो मी. लोक माझ्याबद्दल म्हणतात की हा पैशाला सोडत नाही, आणि याचं डोकं लवकर फिरतं. दोन्ही खरं आहे. आणखी एक गोष्ट लोक सांगतात, ती मात्र मीच पसरवली. एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं ऐन उमेदीत माझी नोकरी खाल्ली, मला रस्त्यावर आणलं, आणि तिथून मी स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलो. ही कहाणी सांगताना माझा आवाज चढतो, हात टेबलावर आपटतो. ऐकणारा हळहळतो, मग मी चहा मागवतो.

ती कहाणी खोटी नाही. हीच तर माझी खोड — मी खोटं बोलत नाही. कसं नाही बोलत, ते आधी सांगायला हवं.

बाप हातमागावर बसायचा. मला मागावर बसायचं नव्हतं, म्हणून शाळा सुटल्यावर इतवारीत कापडाच्या दुकानात लागलो. माल विकण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. बाई विचारायची, रंग तर नाही ना जाणार? दुसरा नोकर शपथा घ्यायचा. मी नुसतं म्हणायचो, ‘याच ताग्यातलं मी आईसाठी नेलं आहे.’ नेलंच होतं. पहिल्या धुण्यात बादली लाल झाली होती, तेवढं मी सांगायचो नाही. विचारलं कुठं होतं कुणी? खरं बोलायचं, पण आपल्याला लागेल तेवढंच कापून द्यायचं. मला ती हुशारी वाटायची. अजूनही लोक तिला हुशारीच म्हणतात.

एकदा दवाखान्याचे पडदे पोचवायला गेलो आणि तिथं ते मशीन पाहिलं. सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. इसीजीला तेव्हा सगळे कार्डिओग्राम म्हणायचे. आडव्या पेटीएवढं मशीन, त्यात तापलेली सुई आणि खालून सरकणारा गुळगुळीत कागद. सुई कागद जाळत जायची आणि माणसाचं काळीज काळ्या रेघेत उमटायचं. मी पडद्यांचं बिल विसरून बघत उभा राहिलो. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं, हे शिकायला काय लागतं? ते म्हणाले, ‘शांत डोकं लागतं.’ मी म्हटलं, ते सोडून बाकी सगळं आहे. ते हसले आणि ये म्हणाले.

मी दुकान सोडलं. शेठनं जाताना चार शब्द ऐकवले, मी आठ ऐकवले.

शिकायला आम्ही दोघं होतो, मी आणि सुमन. मॅट्रिक झालेली, इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. छप्पन साली वडील दीक्षा घेऊन घरी आले ते पोरींची शाळा सुटू द्यायची नाही हे ठरवूनच, असं ती सांगायची. सासर नागपुरातच, इंदोरा वस्तीत. नवरा — त्याला इथं वसंतराव म्हणतो — खापरखेड्याच्या वीज केंद्रात होता. आठवडाभर तिकडे क्वार्टरमध्ये राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी बसनं येऊन, वाटेत दवाखान्यापाशी उतरून, तिला घेऊन घरी जायचा. सासूची समजूत काढून, नवऱ्याला राजी करून ती या कामाला आली होती. कामाची खबर तिला दिली होती गंगाबाईनं.

गंगाबाई आया. सुमनच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहायची. आमच्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसणं हे तिचं काम, कारण आत बाईमाणूस असलं की दार उघडं राहील आणि दारात गंगाबाई राहील, असा डॉक्टरांचा नियम होता.

त्यांचा दुसरा नियम असा की पेशंटला हात लावायच्या आधी धडधाकट माणसाची स्वच्छ पट्टी, म्हणजे रेघ उमटलेला तो कागद, काढून दाखवायची. रोज. छातीवर फुगे लावायच्या सहा जागा असतात. त्या डोळ्यांच्या अंदाजानं सापडत नाहीत. गळ्याखालच्या हाडापासून बोटांनी बरगड्या चाचपत खाली यावं लागतं, तेव्हा कुठं चौथ्या फटीत पहिली जागा मिळते. म्हणजे हात लावावाच लागतो. हात न लावता हे काम होत नाही — हे लक्षात ठेवा.

मला वॉर्डातले शिपाई मिळायचे. चहा पाजला की शर्ट काढून आडवे व्हायचे. पण सुमननं कुणाच्या छातीवर शिकायचं? शिपाई दात काढायचे, फालतू बोलायचे. दोन दिवस ती नुसती तारा गुंडाळत बसली. तिसऱ्या दिवशी माझ्यापाशी येऊन म्हणाली, ‘भाऊ, तुम्ही झोपता का टेबलावर?’

दारातून गंगाबाई म्हणाली, ‘काय विचारून राहिली वं पोरी!’ सुमनच्या लक्षात आलं, ती लालबुंद झाली, आणि आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

मी अर्थातच सौदा केला. मशीनसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक तिनं मला वाचून समजावून द्यायचं, तर मी शर्ट काढणार. ती लगेच कबूल झाली. इतक्या लगेच, की मला चुटपुट लागली — डबाही मागायला हवा होता. दुसऱ्या दिवशी तिनं न मागता डबा आणला. वांग्याची भाजी आणि भाकर. असं कुणी केलं की सौदा करणाऱ्या माणसाला कळत नाही काय करायचं.

मग रोज दुपारी मी टेबलावर आणि सुमन बरगड्या मोजत. तिचा हात खरंच हलका होता. तोंडानं मोजायची, जीभ दातांत धरायची, शाळेतल्या मुलीसारखी. मी चिडलेला असलो की अंग ताठ व्हायचं आणि रेघेवर केस उगवल्यासारखं दिसायचं. ती पट्टी उचलून विचारायची, ‘आज कोणाचा राग घेऊन आले भाऊ? शेठ आठवला का?’ गंगाबाई म्हणायची, याले आधी थंड पाणी पाज, मंग तारा लाव. त्या खोलीत मी जेवढा हसलो तेवढा नंतर कधी कुठं हसलो असेन का? आठवत नाही.

तुम्हाला वाटेल, मनात काही होतं का? नव्हतं. तिच्या मनात नव्हतं, माझ्याही नव्हतं. ती भाऊ म्हणायची आणि मी भाऊ होतो. काही असतं तर निदान कारण तरी दाखवता आलं असतं.

जागा एकच होती. सुरुवातीला डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोघांपैकी ज्याचं काम चांगलं त्याला घेऊ. नंतर एका दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सरळ सांगितलं की जागा सुमनला देणार. बायका पुरुषासमोर पोलकं काढायला तयार होत नाहीत, त्यांचे घरचे दारातून परत नेतात, म्हणून इथं बाईच हवी. माझ्यासाठी दुसऱ्या एका दवाखान्यात शब्द टाकीन म्हणाले. कदाचित टाकलाही असता. मी ऐकून घेतलंच नाही. मला एवढंच दिसत होतं — दुकान मी सोडलं, शर्ट मी काढला, माझ्या छातीवर ती शिकली, आणि जागा तिला.

ती खुशखबर सुमनला अजून सांगितलेली नव्हती. सोमवारी सांगणार होते.

तो दिवस शनिवारचा.

दवाखान्यासमोर पानठेला होता. वसंतराव तिथं उभे राहायचे, आत यायचे नाहीत. आमचा रामराम व्हायचा. साधा माणूस, कमी बोलणारा; बायकोच्या कामाचं त्याला कौतुक होतं आणि ते लपवण्याची धडपडही असायची. त्या संध्याकाळी त्यानं मला पान देऊ केलं आणि विचारलं, ‘कसं काय शिकून राहिली आमची मंडळी? जमते का तिले?’

मी पान तोंडात टाकलं. घाई केली नाही. ताग्यातून कापड कापताना मी कधी घाई करत नसे.

म्हटलं, ‘जमते म्हणजे? वहिनीचा हात मोठा हलका आहे गा. रोज माह्या उघड्या छातीवर ठेवते, मले समजत पण नाही.’

आणि हसलो. ठेलेवालाही हसला.

बस्स, एवढंच. यात खोटं काय होतं? एक शब्दही खोटा नव्हता. डॉक्टरांचा नियम सांगितला नाही, गंगाबाईचं स्टूल सांगितलं नाही, भाऊ सांगितलं नाही. वसंतरावांचा चुना मळणारा अंगठा थांबला.  सुमन फाटकातून हसत आली, मला ‘जातो भाऊ’ म्हणाली, आणि दोघं निघून गेले. ती पुढे काहीतरी सांगत चालली होती, ते मागे.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारी नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, घरचे नाही म्हणत असतील. हेही खरंच होतं.

आता तुम्ही म्हणाल, तरुण वय, डोक्यात राग, तोंडातून गेलं एक वाक्य. मीही स्वतःला हेच सांगितलं असतं. पण मला जे सांगायचं आहे ते हे वाक्य नाही. ते याच्यापुढे आहे. तिथपर्यंत जायला मला अजूनही जड जातं.

पुढच्या आठवड्यात सुमन आली. ऍप्रन धुऊन, इस्त्री करून आणला होता परत द्यायला. नेमकी गंगाबाई वॉर्डात गेली होती. सुमन दारातच उभी राहिली, आत आली नाही. चेहरा सुजल्यासारखा. तिनं सांगितलं की घरात आठवडाभर तिच्याशी कुणी धड बोललेलं नाही. सासू येताजाता टोमणे मारते. नवरा शनिवारी घरी येतो तेव्हाही ओरडत नाही, मारत नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून झोपतो. कुणीतरी त्यांना काहीबाही सांगितलं आहे, पण कुणी सांगितलं, ते बोलत नाहीत. मग म्हणाली, ‘त्या गंगाबाईनंच सांगितलं असेल ना भाऊ? आमच्या वस्तीत तिच्याशिवाय कोणाले मालूम आहे?’

माझ्या हातात फुग्यांखाली लावायच्या जेलीची बाटली होती. झाकण लावत होतो. ते आट्यात बसत नव्हतं.

मी म्हटलं, ‘असेल.’

हा माझा गुन्हा. एवढा एक शब्द. आणि बघा — माझ्या उभ्या आयुष्यात मी सरळसरळ बोललेलं हे एकच खोटं. पानठेल्यावर राग होता. इथं काय होतं? राग नव्हता. ती समोर उभी होती, मला भाऊ म्हणत होती, आणि मी थंड डोक्यानं, शांत डोक्यानं — डॉक्टरांना हवं होतं तसल्या डोक्यानं — एका गरीब बाईचं नाव पुढे सरकवलं. कारण ते आयतं समोर आलं होतं.

त्यावरही सुमन थांबली नाही. म्हणाली, ‘तुम्ही एकडाव घरी या ना भाऊ. रविवारी हे असतात. तुम्ही स्वतः सांगितलं तर ऐकतील. तुमच्यापेक्षा जास्त कोणाले माहीत आहे, इथं काय होतं ते?’

मी येतो म्हटलं. कसा जाणार होतो? गेलो असतो तर वसंतरावांनी तिच्यासमोर विचारलं नसतं का, तुम्हीच तर बोलले होते त्या दिवशी? नवऱ्यानं तिला माझं नाव का सांगितलं नाही, हे मला तेव्हा कळेना. मी फक्त देवाचे आभार मानले. रविवारी मी घरातून बाहेरच पडलो नाही. आईनं विचारलं, बरं नाही का? म्हटलं, नाही बरं.

नंतर कळलं ते गंगाबाईकडून. सुमन त्या रविवारी संध्याकाळपर्यंत वाट बघून उठली, दोन गल्ल्या चालत गेली आणि भर वस्तीत, नळावर, बायकांसमोर गंगाबाईला नाही नाही ते बोलली. गंगाबाईनं पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, मी नाही वं बाई. कोण ऐकतं? त्यानंतर वस्तीत ती चुगलखोर ठरली. कुणाच्या घरात भांडण झालं की आधी तिच्याकडे बोट.

आणि ही बाई रोज माझ्या दारात स्टुलावर बसत होती! मला चहा आणून देत होती. एकदा कप ठेवता ठेवता म्हणाली, ‘भाऊ, तुमले तं मालूम आहे ना, मी असं नाही करणार? काहून बोलली असेल ती पोरगी मले?’ मी कागदाचा रोल बदलत होतो. म्हटलं, ‘जाऊ द्या गंगाबाई, लोकांचं काय ऐकता.’ तिला तेवढ्यानंही बरं वाटलं. मी सोडून तिच्याशी नीट बोलणारं त्या दिवसांत फारसं कुणी नव्हतं.

तर जागा मला मिळाली. आणि ती कहाणी — डॉक्टरनं नोकरी खाल्ली — ती अशी. बायका माझ्यासमोर आक्रसून जायच्या आणि मी त्यांच्याहून जास्त. पानठेल्यावर जी गोष्ट मी घाणेरडी करून सांगितली होती, ती आता मलाच घाणेरडी वाटायला लागली होती. बरगड्या मोजायला हात पुढे होईना. पोलक्याच्या गळ्यातून जिथं पोचेल तिथं, वरच्या वर फुगे चिकटवून मोकळा व्हायचो. गंगाबाई म्हणायची, मी लावू का, जागा दाखवा. मी तिच्यावर खेकसायचो. जागा चुकली की रेघ खोटी येते. एका धडधाकट बाईच्या पट्टीत झटका येऊन गेल्याची खूण उमटली. घरात रडारड झाली. डॉक्टरांनी स्वतः पुन्हा पट्टी काढली तर सगळं ठीक. ते मला म्हणाले, ‘तुला हात लावायची भीती वाटते. असं होणार म्हणूनच मला ती मुलगी हवी होती.’ मी भडकलो. तोंडाला येईल ते बोललो आणि दार आपटून बाहेर आलो. त्या जागेवर त्यांनी नंतर एका नर्सला तयार केलं.

ही नोकरी डॉक्टरनं खाल्ली म्हणायची का? पण मी तसंच म्हणालो. इतक्या वेळा, इतक्या जोरात, की मलाही ते पटलं. माणसाला धरून ठेवायला दुसऱ्याचा एक अपराध मिळाला की स्वतःच्या अपराधाकडे बघायला वेळच होत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. जुनं मशीन घासाघीस करून घेतलं, स्कूटरवर बांधून घरोघरी, छोट्या नर्सिंग होममध्ये पट्ट्या काढत फिरलो, मग स्वतःचं सेंटर टाकलं. बायकांसाठी पहिल्या दिवसापासून बाई ठेवली. लोक म्हणाले, बघा, किती विचार करतो! मी ते कौतुकही गल्ल्यात टाकलं.

आणि गेल्या महिन्यात वसंतराव आले.

केस पांढरे, रिटायरमेंट जवळ आलेली. जिना चढताना दम लागतो म्हणून इसीजी काढायला सांगितला होता. सोबत सुमन. चिठ्ठीवर नाव वाचलं तेव्हा माझा हात थांबला. सुमननं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला — खरंच उजळला, काय सांगू. ‘भाऊ! तुम्ही?’ शेजारच्या बाकावरच्या अनोळखी बाईला सांगायला लागली की मी हे काम शिकले होते, यांच्यासोबत शिकले होते. अर्ध्यात सोडलं, म्हणाली, आणि हसली. आता घरी पिको-फॉलचं मशीन आहे, मुलगी शिक्षिका झाली. त्या रविवारी मी का आलो नाही, हे तिनं विचारलं नाही.

वसंतरावांना मी स्वतः आत घेतलं. शर्ट काढून ते टेबलावर झोपले. मी बरगड्या मोजायला छातीवर हात ठेवला. ते छताकडे बघत म्हणाले, ‘तिले मी तुमचं नाव कधी सांगितलं नाही. भाऊ म्हणायची तुमाले. म्हटलं, तेवढं तरी राहू द्या तिच्यापाशी.’

मी मशीन सुरू केलं. पट्टी स्वच्छ आली, त्यांची. माझी काढली असती तर काय आलं असतं कोण जाणे.

या माणसानं माझ्या एका वाक्यासाठी बायकोचं काम बंद केलं, ते त्याचं चुकलंच. पण नंतर, चूक कळल्यावर की न कळता, इतकी वर्षं त्यानं माझं नाव गिळून ठेवलं — तिच्यासाठी. आणि मी? मी दुसऱ्याचं नाव दिलं. माझ्यासाठी. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि मला पहिल्यांदा माझ्या कहाणीची शिसारी आली.

मी बाहेर आलो. वसंतराव आत शर्टाची बटणं लावत होते. सुमनच्या शेजारी बाकावर बसलो आणि सांगितलं. थांबलो असतो तर सांगितलं नसतं, म्हणून थांबलो नाही. पानठेला सांगितला, जसं बोललो होतो तसं, शब्दाला शब्द. आणि मग म्हटलं, ‘गंगाबाईनं काही सांगितलं नव्हतं. तू विचारलं तेव्हा मला माहीत होतं. तरी मी असेल म्हणालो.’

 मला वाटलं ती ओरडेल; सगळ्या पेशंटसमोर ओरडली असती तरी चाललं असतं. ती म्हणाली, ‘मी तिले नळावर काय काय बोलली, तुम्हाले माहीत आहे?’

म्हटलं, हो.

‘तिच्या पोरावरून बोलली मी.’

मी मान हलवली. ती उठली, पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. मग विचारलं, ‘आहे ती?’

आहे, म्हटलं. मुलाकडे असते, जरीपटक्याला, चालता येत नाही आता. मला ठाऊक होतं, कारण दवाखान्यातल्या जुन्या लोकांकडून मी तिची खबर घेत आलो होतो. खबर घेत आलो — गेलो कधीच नाही. सुमननं पत्ता विचारला, मी सांगितला. गल्ली, खूण, मुलाचं नाव. तिनं दोनदा मनात म्हणून पाहिला. मला भाऊ म्हणाली नाही. माझ्याबद्दल एक शब्द बोलली नाही, चांगला नाही, वाईट नाही.

वसंतराव बाहेर आले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि त्यांना कळलं. रिपोर्टचा लिफाफा मी त्यांच्या हातात दिला. दोघं जिना उतरले. मी खिडकीशी गेलो. सुमननं हात करून रिक्षा थांबवली. वसंतराव सवयीनं इंदोरा म्हणाले. तिनं रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावून त्याला थांबवलं आणि म्हणाली, ‘नाही, आधी जरीपटका.’

रिक्षा वळेपर्यंत मी उभा होतो. मला हलकं वाटत होतं. वाटायला नको होतं, पण वाटत होतं, आणि आजही वाटतंय. मागे वळलो तर पुढचा पेशंट शर्ट काढून बसला होता. डॉक्टरची कहाणी त्या दिवसापासून मी कुणाला सांगितलेली नाही.